घेतलं नाही, मारलं

नर्सिंगच्या शाळेत पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले, तेव्हा पोरींना वाटलं की कोणाची तरी आई पोचवायला आलीय. त्या सतरा-अठराच्या, मी चौतिशीची. वयाच्या अटीत मी कशीबशी शेवटच्या वर्षी बसले होते. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मला काकू म्हणू लागल्या, आणि आठवडाभरात शिकवणाऱ्या सिस्टरही काकूच म्हणू लागल्या. त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

त्याआधी अकरा वर्षं मी घाटंजीला आमच्या भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, कृषी केंद्रात काउंटरवर उभी होते. बियाणं, खत आणि औषध विकायचे. आमच्याकडे कपाशीवर फवारायच्या विषाला औषधच म्हणतात. कीटकनाशक हा शब्द फक्त बाटलीवर छापलेला असतो. गिऱ्हाईक कपाशीचं पान खिशात घालून आणायचं, मी ते उलटंसुलटं करून पाहायचे आणि सांगायचे की अमुक मारा, पंपाला एक झाकण टाका. लोक ऐकायचे. मला वाटायचं, आपण निम्म्या डॉक्टरच आहोत.

पण ती कपाशीची वाईट वर्षं होती. अळी बोंडाच्या आत शिरून बसायची, बाहेरून बोंड साजरं दिसायचं. लोक घाबरून दुप्पट फवारे मारायला लागले आणि आमचं दुकान अळीच्या जिवावर चालायला लागलं. ते बघवेना म्हणून मी नर्सिंगला गेले, असं मी नंतर लोकांना सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. मी बारावी सायन्स झालेली, आणि लग्नात ते सगळं पाण्यात गेलं याचा राग माझ्या डोक्यात सोळा वर्षं खदखदत होता. नवरा म्हणाला, जा, नाहीतर आयुष्यभर माझ्यावर काढशील. माणूस शहाणा आहे.

शाळा मिळाली आणि राग कुठल्या कुठे पळाला. उरली ती भीती. पुस्तकं इंग्रजी होती. सुई टोचायचा सराव संत्र्यावर असायचा. पोरी फटाफट टोचून मोकळ्या व्हायच्या आणि मी संत्रं हातात धरून घामाघूम. एकदा सिस्टरनी खोकल्याचं औषध मोजून दाखवायला सांगितलं, तर मी सवयीनं बाटलीच्या झाकणात ओतलं, तेही अंदाजानं, वर एक धार जास्तीची. काउंटरवर आम्ही तसंच शिकवायचो, थोडं जास्तीच बरं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी झाकण माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या की काकू, एवढ्यानं तान्हं लेकरू झोपेल आणि उठणार नाही. त्यानंतर पाणी प्यायचा पेला भरतानाही माझा हात अडखळायचा. माझ्या हातून कोणीतरी मरणार, एवढंच मला दिसत होतं.

आणि मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. आठवडाभर यवतमाळला वसतिगृहात राहायचे, रविवारी घाटंजीला जायचे. भासऱ्यांना फवारणीच्या हंगामात माणूस मिळत नव्हता, म्हणून रविवारी परत काउंटरवर उभी राहायचे. शिकताना दुसरं काम करायचं नाही, असं मी शाळेला लिहून दिलेलं होतं. कळलं असतं तर काढून टाकलं असतं, आणि वयाची अट मला दुसऱ्यांदा आत घेणार नव्हती.

अशाच एका सोमवारी सिस्टरनी आम्हाला दवाखान्याच्या वॉर्डात नेलं होतं. चादरी बदलायच्या, नाडी मोजायची, एवढंच आमचं काम. सकाळी एका माणसाला उचलून आणलं. घामानं निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. बरोबर त्याची बायको. मी दोघांना पाहिलं आणि माझ्या हातातली चादर तशीच राहिली. आदल्याच दिवशी ही दोघं आमच्या दुकानात आली होती. दोन बाटल्या मीच दिल्या होत्या, आणि मजुरी दोनदा कशाला, दोन्ही एकाच ड्रममध्ये मिसळून मारा, असंही मीच सांगितलं होतं.

डॉक्टर तरुण होते, कोल्हापूरकडून नवेच आलेले. त्यांनी बाईला विचारलं की याने कोणतं औषध घेतलं. बाई म्हणाली, "घेतलं नाही जी. मारलं."

डॉक्टरांना उलगडा होईना. आमच्या भागात दवाखान्यात येऊन 'औषध घेतलं' म्हणणं म्हणजे जीव द्यायला विष प्यालं, आणि 'मारलं' म्हणजे शेतात फवारलं. ती बिचारी तेच नाकारत होती, कारण मग पोलीस, जबाब, गावभर बोभाटा. डॉक्टरांना वाटलं, ही लपवते आहे. ते पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, घेतलं का, किती घेतलं, आणि ती रडकुंडीला येऊन सांगत राहिली की मारलं जी, मारलं. शेवटी त्यांनी फवारणीचं का, असं विचारलं, तेव्हा तिनं मान हलवली. नाव कोणतं? तिला येत नव्हतं. बाटली? शेतात राहिली. त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन सुरू केलं, पण नेमकं काय आहे ते कळल्याशिवाय पुढचं ठरवता येत नाही, असं ते सिस्टरांना म्हणाले.

मी तीन खाटा पलीकडे उभी होते. दोन्ही नावं मला तोंडपाठ होती. मी चादर घातली, काढली, परत घातली. मला ती शाळा दिसत होती, भासऱ्यांचा परवाना दिसत होता, परत घाटंजीच्या काउंटरवर उभी असलेली मी दिसत होते. डोक्याला बांधलेला रुमाल आणि अंगावरचा गणवेश, यामुळे बाईनं मला ओळखलं नाही, याचं मला बरं वाटलं. तो माणूस श्वासासाठी धडपडत होता आणि मला बरं वाटलं, हे मी लिहून ठेवते आहे, कारण ते खरं आहे.

वीस मिनिटं गेली. मग त्याच्या छातीतून घरघर ऐकू यायला लागली, आणि मी कधी चालत गेले ते मला आठवत नाही. डॉक्टरांना दोन्ही नावं सांगितली, मिसळलेली आहेत हेही सांगितलं. तुम्हाला कसं माहीत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी विकली. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला आतल्या अतिदक्षता विभागात न्यायला गाडी ओढली.

तो वाचला. आठ दिवस त्याला धड दिसत नव्हतं, मग हळूहळू दिसू लागलं. शाळेनं मला बोलावून खरडपट्टी काढली, पुन्हा असं होणार नाही म्हणून लिहून घेतलं आणि ठेवून घेतलं; सिस्टर माझ्या बाजूनं बोलल्या, असं नंतर कळलं. भासरे दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. पण मला झोप लागत नव्हती ती त्या वीस मिनिटांमुळे. त्यांचा हिशेब मला कोणीच विचारला नव्हता.

त्याला घरी सोडायच्या दिवशी बाई मला व्हरांड्यात भेटली आणि पाया पडायला वाकली. मी मागे सरकले. मग मात्र राहवलं नाही. तिला सांगितलं की तुम्ही आल्या तेव्हाच मी ओळखलं होतं, पण भीतीनं गप्प राहिले, वीस मिनिटं. आता ही शिव्या देईल, असं मला वाटलं. द्याव्या असंही वाटलं.

तिनं पदर सावरला.

"मी बी तुम्हाले ओळखलं होतं," ती म्हणाली. "आल्याबरोबर."

मी विचारलं, "मंग डॉक्टरले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही इथल्या नर्सबाई. तुमचं नाव घेतलं असतं अन् तुम्हाले राग आला असता, तं मंग माह्या मानसाले कोनं पाहिलं असतं?"

बारीक निळ्या रेघांचा तो गणवेश मी महिनाभर भीत भीत अंगावर चढवत होते, आणि तीन खाटा पलीकडून ही बाई त्यालाच भ्यायली होती. तिच्या नवऱ्याची छाती घरघरत असताना ती माझ्या रागाचा विचार करत होती.

तिनं गोळ्यांची पिशवी उचलली. नवरा पायऱ्यांवर बसून वाट पाहत होता. ती दोन पावलं गेली, थांबली आणि वळून मला म्हणाली, "आता जाऊ का जी आमी?"