बाहेरून केलेली खूण

टेलरबाई गल्लीत फारशा कुणाला आवडायच्या नाहीत आणि त्यांना त्याची फिकीरही नव्हती. दर गुरुवारी शिलाई मशीन झाकून, टॉर्च घेऊन त्या डासमोहिमेच्या स्वयंसेविका म्हणून निघायच्या आणि चाळीस घरांची पिंपं, कुंड्या तपासायच्या. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, हे सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला होता. "अहो, आमचं पाणी आरशासारखं आहे!" असं कुणी म्हटलं, की त्या पिंपात टॉर्च मारायच्या. "मग बघा तोंड. अळ्या वळवळतायत, त्याही दिसतील." घर तपासून झालं, की दारावर खडूने तारीख आणि बरोबरची खूण. आजूबाजूला साथ आली तरी दोन वर्षं या गल्लीत एकही रोगी सापडला नव्हता.

चाळीसातलं एक घर त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. पाच महिने दोघींचं बोलणं बंद होतं. कारण ऐकाल तर हसाल. ताई चारचौघींत म्हणाली होती, "हिने शिवलेला ब्लाउज घातला, की श्वास घरी ठेवून जावं लागतं." झालं! एकीला झाकावं नि दुसरीला काढावं, अशा त्या दोघी. कोण आधी बोलणार?

टेलरबाई ताईच्या दारापर्यंत जायच्या, पण आत पाऊल टाकायच्या नाहीत. ताईची स्वच्छता जगजाहीर, तिच्या मोरीत बसून जेवावं अशी. तिच्याकडे काय बघायचं? बाहेरूनच तारीख, बाहेरूनच खूण, आणि पुढचं दार. असे वीस-एकवीस गुरुवार गेले.

मग ताईला ताप भरला. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात हलवलं. टेलरबाई हातातलं काम टाकून धावल्या, तिच्या उशाशी बसून राहिल्या, पण तोवर ताईची शुद्ध हरपली होती. सहाव्या दिवशी ती गेली.

रोगी निघाला, की त्याचं घर पुन्हा तपासायचं, असा नियम होता. सोबतची स्वयंसेविका म्हणाली, "मी जाते, तुम्ही नका येऊ." टेलरबाईंनी ऐकलं नाही. ताईच्या मोरीतल्या पिंपाचं झाकण त्यांनी स्वतः काढलं. पाणी नितळ होतं. टॉर्च मारला, तर अळ्याच अळ्या. ताईची कंबर कधीपासून धरली होती. पिंप उलटं करून घासणं तिला झेपत नव्हतं, ती रोज वरून नुसती भर घालत होती. हे टेलरबाईंना आज भावोजींकडून कळलं. सख्ख्या बहिणीची कंबर दुखते हे आपल्याला ठाऊक नसावं, याची त्यांना मरणाची लाज वाटली.

"भावोजी, मी आत आलेच नव्हते हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "एकदाही नाही. बाहेरूनच खूण करत होते." आणि शिव्या खायला मान खाली घालून उभ्या राहिल्या.

भावोजी घड्याळं दुरुस्त करायचे. माणूस मुळातच कमी बोलणारा.

"माहीत आहे," ते म्हणाले. "गुरुवारी ती कडी काढून दाराशी बसायची. खडूचा आवाज आला, की उठून आत जायची. मी म्हटलं होतं तिला, 'पिंप मी घासून टाकतो.' तर म्हणाली, 'राहू द्या. तिला आत येऊन माझ्यावर ओरडायला काहीतरी निमित्त नको का?'"