सासऱ्यांचं बाद मत

लोकसभेच्या मतमोजणीची संध्याकाळ होती आणि डोंबिवलीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये सासरे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. लग्नाला दोन वर्षं होऊन गेलेली! गोष्ट नव्वदच्या दशकातली, कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारायचे दिवस.

सासरे कोपरीचे, खाडीत मासेमारी करणारे कोळी. मी साताऱ्याकडचा, आमच्या घरात मासा कधी शिजलाच नाही. सुलभाने लग्नासाठी माझं नाव घरी सांगितलं, तेव्हा ते भर बैठकीत म्हणालेले, "ज्याला साधी चिंबोरी मोडता येत नाय, त्याच्या घरान माजी पोर काय खानार?"

लग्नाला आले, अक्षता टाकल्या... पण आमच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

त्या आठवड्यात कोपरीच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या आणि निकाल पाहायचं तर सासऱ्यांना वेड. सासूबाईंनी ती संधी साधली. आमच्याकडे नवाकोरा कलर टीव्ही होता.

मला मतमोजणीची ड्युटी त्याआधी दोनदा लागलेली, त्यामुळे नियम तोंडपाठ. मी ठरवलं की जेवणही निवडणुकीचंच करायचं. तीन पदार्थ म्हणजे तीन उमेदवार. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं कालवण, निशाणी छत्री. कोळंबीची खिचडी, निशाणी नारळ. आणि माझ्या गावाकडचं पिठलं, निशाणी टेबल. ते शेजारच्या मोकाशीकाकांसाठी, कारण ते शाकाहारी.

सुलभाने मतपत्रिकांवर निशाण्या काढल्या, म्हणजे वाचता न येणाऱ्या सासऱ्यांची अडचण व्हायला नको. मी बटाटा कापून त्यावर फुलीचा शिक्का कोरला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला फट पाडली, झाकण मेणबत्तीच्या मेणाने सील केलं. मतदान कपाटाच्या उघड्या दाराआड, एका वेळी एकच माणूस. गुप्त म्हणजे गुप्त!

खरी परीक्षा चिंबोऱ्यांची होती. चार महिने दर रविवारी मी त्यांच्याशी झगडत होतो. पहिल्यांदा एक सुटून थेट मोकाशीकाकांच्या दारात गेली होती. बारीक पाय वाटून, गाळून त्याचा रस कालवणात घालायचा, नाहीतर चव नुसती मसाल्याची लागते... हे मला पाच वेळा फसल्यावर कळलं. सुलभाला मी विळीजवळ येऊ दिलं नाही.

सासरे आले, टीव्हीसमोर बसले, जेवले. नजर आघाडीच्या आकड्यांवर, बोटं चिंबोरीच्या नांगीत. बरं झालंय की वाईट, काही कळायला मार्ग नाही.

हात धुऊन सगळ्यांनी मतदान केलं. सुलभा, सासूबाई, मोकाशीकाका आणि शेवटी सासरे. ते कपाटाच्या दाराआड जरा जास्तच वेळ होते.

मी सील फोडलं. पहिलं मत नारळाला, दुसरं टेबलाला, तिसरं छत्रीला. चौथी चिठ्ठी उघडली तर छत्रीवर फुली नव्हती, शाईचा मोठा अंगठा होता. मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली तर ते मत धरायचं नसतं.

"बाद!" मी ड्युटीवरच्या आवाजात ओरडलो.

आणि मग मला दिसलं की अंगठ्याच्या मधोमध जखमेची आडवी रेघ आहे. जाळ्याच्या दोरीने कापलेला अंगठा त्या घरात एकाचाच होता.

"अरे, गप की जरा!" सुलभा दबक्या आवाजात म्हणाली.

सासूबाई नवऱ्यावर घसरल्या. "आवो, ठप्पा दिलेला ना तुमाला? अंगठा कशाला लावला?"

"ठप्पा कशाला असतो ते मना म्हाईत हाय," सासरे म्हणाले. "त्या दिशी मी धा मानसांत बोललो व्हतो. आता मत काय चोरून देऊ? कोनी दिलंय त्या समद्यांना कलू दे."

मी हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिलो. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं.

"अहो साहेब, फेरमोजणी करा! छत्रीला दोन मतं!" मोकाशीकाकांनी गलका केला.

पण नियम म्हणजे नियम. मी म्हणालो, "मत बादच. तिघांना एकेक, निकाल बरोबरीत."

सासरे मोठ्याने हसले. "मापाला पक्का हाय जावय." मला त्यांनी जावई म्हटलं ते तेव्हा, पहिल्यांदा.

निघताना दारात थांबून म्हणाले, "चिंबोरी जमली तुना. निवट्या नाय जमायच्या, लय बुळबुळीत. येत्या आयतवारी कोपरीला ये, दावतो."

गेलो... खाडीच्या काठाला दोघं उकिडवे बसलो आणि त्यांनी माझ्या हातावर राख ठेवून चिखलातले ते छोटे मासे कसे चोळून धुवायचे ते दाखवलं. आज सासरे नाहीत. माझ्या स्वयंपाकाचं कौतुक झालं की मी मिशीला पीळ देऊन सांगतो, सगळं माझं मी शिकलोय, कोणी शिकवलेलं नाही.

निवट्या सोडून. त्या बाबांनी शिकवल्या.