शेवट दुसऱ्या शिफ्टला

जुने पिक्चर दाखवणारा तो चॅनल कोण चालवतं हे मला आजही माहीत नाही, पण त्या माणसाशी आम्ही दीड-दोन वर्षं भांडलो. तो कुठेतरी मुंबई-दिल्लीकडे बसलेला, आणि आम्ही धंतोलीतल्या एका दवाखान्यात, डायलिसिसच्या हॉलमध्ये, एक हात मशीनला देऊन पाठीवर पडलेले. त्याला आमचा पत्ताही नव्हता. भांडण मात्र आमच्याकडून अगदी मनापासून होतं.

हॉलमध्ये भिंतीवर एकच टीव्ही. रिमोट सिस्टरांच्या एप्रनच्या खिशात. बातम्या लावल्या की पेशंटांचं बीपी वाढतं असा त्यांचा अनुभव होता, मालिकांवरून बायका-पुरुषांत तंटा व्हायचा, म्हणून त्यांनी जुन्या पिक्चरचा चॅनल लावून टाकला आणि विषय संपवला. नावं मी कुठल्याच पिक्चरची लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक गोष्ट सोडून त्या पिक्चरवर बोलायला लागतात.

माझी पहिली शिफ्ट, सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुख्य पिक्चर सकाळी अकराला सुरू व्हायचा. नायक-नायिकेचं जमून बिनसायच्या सुमारास आमचं रक्त धुऊन व्हायचं, सुया निघायच्या आणि आम्हाला बाहेर काढून मशीन धुवायला घ्यायचे. मग त्याच पलंगांवर दुसऱ्या शिफ्टचे पेशंट यायचे आणि उरलेला पिक्चर पाहायचे. अर्धा पिक्चर आमचा, अर्धा त्यांचा. मशीन धुतानाचा मधला तुकडा कोणाच्याच वाट्याला यायचा नाही.

माझ्या शेजारच्या पलंगावर हिंगण्याच्या एका कंपनीतला फिटर असायचा. वय चाळिशीचं, बोलणं तोंडावर. चॅनलचा पिक्चर लावणारा माणूस कसा विचार करतो यावर त्याचा अभ्यास माझ्याइतकाच होता.

"काका, हे लोक पिक्चर एकेक नाही घेत, लॉटमध्ये घेतात," तो सांगायचा. "एक चांगला, त्याच्यासंग पाच भंगार. आता घेतलेच हायेत तर लावतात. आमच्या स्टोअरमध्येबी असंच माल येते."

"मग एकच पिक्चर महिन्यात तीनदा काहून?" 

"वारंटी संपून राहिली असंन त्याची."

माझं म्हणणं वेगळं होतं. मी वीज खात्यात जन्म घालवला, कुठल्या भागाची वीज केव्हा घालवायची याचं नियोजन केलेलं आहे. तेव्हा नियोजन कशाला म्हणतात ते मला कळतं. जाहिराती बघा, मी म्हणायचो. गुडघ्याचं तेल, कानाचं मशीन, पोट साफ करायची पावडर. त्याला ठाऊक आहे की अकरा वाजता घरात कोण असतं. एकाच नटाचे लागोपाठ तीन पिक्चर लागले की तो नट गेला असं आम्ही धरून चालायचो. तिसरा सुरू झाला की फिटर मान वळवून विचारायचा, "गेला वाटते, काका?" एकदा आम्ही अशीच एका नटीसाठी हळहळ व्यक्त केली, जुनी आठवण काढली, आणि सिस्टरांनी मोबाइल पाहून सांगितलं की आज बाईंचा वाढदिवस आहे. 

पिक्चर दोन तास आधी लावा, म्हणजे पहिल्या शिफ्टलाही शेवट पाहायला मिळेल, असा निरोप फिटरनं चॅनलच्या नंबरवर पाठवलाही होता. "आमच्याशी संपर्क केल्याबद्दल आभारी आहोत" असं उत्तर आलं. पिक्चर अकरालाच लागत राहिला.

तर शेवट आम्हाला कळायचे ते ताईंकडून. ताई सावनेरकडच्या एका गावच्या, घरी शेती, कपाशीची. माझ्याच पलंगावर माझ्यानंतर त्यांची पाळी. सुया काढल्यावर मी कापूस दाबून बाहेरच्या बाकावर बसायचो, माझी बायको डबा उघडायची, आणि ताई आपलं वजन करून घेऊन शेजारी टेकायच्या. तेवढ्या वेळात मी त्यांना आजच्या पिक्चरचा पहिला भाग सांगायचा आणि त्यांनी मला मागच्या वेळचा शेवट. मोबाइलवर शोधायचं नाही हे आमचं ठरलेलं होतं. त्यात काय मजा? मोबाइल सगळंच सांगतो.

ताई सांगायच्या मोठ्या रंगून. "तो पोरगा गा, जो हरवला होता, तो निंघाला त्याच वकिलाचा! मंग सगळे रडले. मंग म्हातारीनं शिरा केला." कोर्टातून नायक सुटायचा. आजारी बहीण बरी व्हायची. पुरात वाहून गेलेला नवरा कुठल्या तरी झाडाला धरून निघायचा. गोळी लागायची ती खांद्याला. 

असे महिनोन्महिने शेवट ऐकल्यावर मी माझा सिद्धांत पक्का केला आणि हॉलमध्ये जाहीर केला. हा चॅनल अकराच्या वेळेला दुःखी शेवटाचे पिक्चर लावतच नाही. दुपारच्या जेवणाआधी माणूस मेला तर प्रेक्षक उठून जातो, मग गुडघ्याचं तेल विकत कोण घेणार? फिटरला हे पटलं. सिस्टरही म्हणाल्या की असेल बुवा. त्या चॅनलवाल्याबद्दल माझं मत पहिल्यांदाच जरा बरं झालं. 

आता माझ्या घरचं. माझ्या बायकोची किडनी मला जुळत होती. तपासण्या झालेल्या, डॉक्टर तयार, ती तयार. मीच नाही म्हणत होतो. घरात एक आजारी माणूस पुरे, धडधाकट बाईला कापायचं कशाला, असं मी सगळ्यांना सांगायचो, आणि ऐकणारे मला मोठा त्यागी समजायचे. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. तिला काही झालं तर? आणि सगळं सुरळीत झालं तरी उरलेला जन्म तिचं देणं अंगावर घेऊन कसा काढायचा, हेही होतंच. डॉक्टरांनी विषय काढला की मी टीव्हीकडे तोंड करायचो.

एका बुधवारी काळा-पांढरा पिक्चर लागला. एका शिंप्याचा. डोळे अधू होत चाललेले, सुईत दोरा जात नाही. बायको म्हणते माझे दागिने विका, डोळ्यांचं ऑपरेशन करा. तो म्हणतो, बायकोच्या अंगावरचं काढून मी डोळे घेणार नाही. भांडण होतं आणि तो शिलाई मशीन डोक्यावर घेऊन घराबाहेर पडतो. तिथं आमची शिफ्ट संपली.

बाकावर मी ताईंना हे सगळं सांगितलं आणि वर स्वतःची भर घातली. "बरोबरच आहे त्याचं. स्वाभिमानी माणूस आहे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग डबा घेऊन बसलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं. आणि उठून आत गेल्या.

शुक्रवारी मी विचारलं, "काय झालं शिंप्याचं?"

"नाही सांगत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगत. घरी बसून पाहा तुम्ही. तुमच्या घरी टीव्ही हाये, ऑपरेशन करून बरे व्हा, अन् मांडी घालून पाहा."

मला वाटलं थट्टा आहे. पण सोमवारी नाही, बुधवारी नाही. शिंप्याचा तर नाहीच, दुसऱ्याही कुठल्या पिक्चरचा शेवट त्या सांगेनात. पहिला भाग माझ्याकडून नीट ऐकून घ्यायच्या आणि उठून जायच्या. माझ्या डोक्यात अर्धवट पिक्चरचा ढीग साचला. फिटर वैतागला. "काका, तुमच्या भांडणात आमचे वांधे होऊन राहिले." मला राग येत होता. एका पिक्चरसाठी आपल्याला इतका राग यावा याचाही राग येत होता. शेवटी एक दिवस मी आवाज चढवला.

"ताई, हा काय हट्ट आहे? लहान मुलासारखं?"

"हट्ट?" त्या म्हणाल्या. "माह्या नवऱ्याले शुगर, त्याची किडनी चालत नाही. पोरगी देतो म्हणते, तर तिच्या पोटात लेकरू हाये. कोणाची तरी मिळंन म्हणून वाट पाहून राहिली मी. अन् तुमची बाई तुमच्या समोर डबा घेऊन बसून राहिली, जुळते, देतो म्हणते, अन् तुमाले त्या शिंप्याचा पुळका! काहून गा भाऊ? तिले विचारलं का कधी?"

बाकावर दुसरे लोकही होते. सगळे ऐकत होते. माझी बायको डब्याचं झाकण लावत होती आणि ते लागत नव्हतं.

घरी जाताना ऑटोत ती बोलली. "ताईंना मी काही शिकवलं नाही हं." 

"मी कुठं म्हणालो?"

"पण मला कोणी विचारलं नाही, हे खरं आहे. तुम्ही, डॉक्टर, मुलगा, सगळे माझ्याबद्दल बोलता. मला संध्याकाळी तुमच्यासोबत चालत भाजी आणायला जायचं आहे. पिशवी तुम्ही धरायची. बाकी मला काही नको."

मी त्या आठवड्यात हो म्हणालो. भीती गेली म्हणून नव्हे, ती ऑपरेशनच्या टेबलापर्यंत माझ्यासोबत आली. पण तिला पिशवी धरणारा माणूस हवा होता आणि मी तिला नाही म्हणत होतो, हे ऑटोत बसून ऐकल्यावर आणखी काही बोलायला जागा राहिली नाही.

ऑपरेशनचं लांबण लावत नाही. दोघंही बरे आहोत. पहिले काही महिने घराबाहेर पडायचं नव्हतं, तोंडाला मास्क, पाहुणे बंद. अकरा वाजले की मी तो चॅनल लावायचो आणि आता शेवटपर्यंत पाहायचो. 

पहिल्याच आठवड्यात तो पुरात वाहून गेलेला नवरा लागला. मी बायकोला आधीच सांगून टाकलं, काळजी करू नको, झाडाला धरून निघतो. तो निघाला नाही. नदीकाठी त्याचा फेटा सापडला आणि पिक्चर संपला. मला वाटलं ताईंचा काही घोटाळा झाला असेल. मग आजारी बहीण लागली, ती राखीच्या दिवशीच गेली. मग कोर्टातला नायक, त्याला फाशी. गोळी लागली ती थेट छातीत. चॅनलनं अकराच्या वेळेला इतकी माणसं मारली होती आणि मी सुया लावलेल्या हातानं त्याच्या नियोजनाचं कौतुक करत होतो. 

महिनाभरानं शिंपी लागला. आम्ही दोघं लागून बसलो. तो शहरात जातो, डोळे पूर्ण जातात, आणि बायको शोधत येते तेव्हा तो बसलेला असतो त्याच फुटपाथवरून ती निघून जाते. ती हाक मारत नाही, कारण तिनं त्याला पाहिलेलं नाही. त्याला ती दिसत नाही. तो तिथंच जीव सोडतो. माझी बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मी ताईंना फोन लावला.

"ताई, तो तर मरतो."

"कोण?"

"शिंपी. आणि तो पुरातला. ती बहीण. सगळेच मरतात."

"मंग?" त्या म्हणाल्या. "त्या हॉलमध्ये कोणाले सांगू का मी असं? तिथं आपण कायले जातो? शेवट पायला का मले तिथंच रडू येये, मंग घरी जाईपर्यंत मी त्यांना बरं करून टाको."

"मग शिंप्याला का नाही बरं केलं?"

"त्याले बरं केलं असतं तर तुमी म्हटलं असतं, पाहा, काही नाही झालं त्याले." मग म्हणाल्या, "अन् खरं सांगवत नव्हतं, भाऊ. माह्या तोंडून नाही निंघालं ते."

मग त्यांनीच सांगितलं की माझ्या पलंगावर आता पहिल्या शिफ्टला जो माणूस येतो तो तोंडावर रुमाल घेऊन झोपतो. पहिला भाग सांगायला कोणी नाही. त्या शेवट पाहतात, पण कोण कोणाचा ते समजत नाही. 

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पिक्चर मध्यंतरापर्यंत पाहतो आणि ताई बाकावर पोचल्या की फोन करून सांगतो. मग टीव्ही बंद करतो. बायको सुरुवातीला कुरकुरली, आता तीही बंद करू देते. ताईंचा फोन संध्याकाळी येतो, गाडीतून उतरल्यावर. किडनीसाठी त्यांचा नंबर अजून लागलेला नाही. फोनला उशीर झाला की बायको भाजीची पिशवी घेऊन दारात उभी राहते, फोन झाल्याशिवाय निघायचं नाही म्हणून.

परवा पिक्चरमध्ये एक म्हातारी आजारी होती. मुलगा परदेशी, डॉक्टरांनी हात टेकलेले, दिवा फडफडतोय. तिथं मी बंद केलं. संध्याकाळी फोन बराच उशिरा आला. ताईंचा आवाज खोल गेलेला होता, दम लागत होता. 

"आज लय त्रास झाला, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण म्हातारी उठून बसली. पोरगा आला. तिनं चहा पेला."

मी फोन ठेवला. बायको दारातून म्हणाली, "काय झालं हो म्हातारीचं?"

"उठून बसली. चहा प्यायली म्हणे."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली.