न लाभलेला हिरा

सकाळी बायकोने बोटातली हिऱ्याची अंगठी काढून डबीत ठेवली. हिरा विकत घेण्याआधी चार दिवस घरी आणून तो लाभतो का, हे आमच्याकडे पाहतात. त्या दिवसांत मी तिच्यावर उगाचच ओरडलो होतो, मुलीदेखत. "नाही लाभत हो आपल्याला," ती म्हणाली. दोष खड्यावर गेला याचं बरं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

शापित हिऱ्यांच्या जुन्या गोष्टीही अशाच जन्मल्या असतील. सिंहासनासाठी भाऊ भावांना मारत राहिले आणि नाव हिऱ्याचं खराब झालं.

सोनाराच्या दुकानात बायको डबी पुढे करू लागली, तेव्हा मी म्हणालो, "खडा चांगला आहे. ओरडलो मी होतो."

"ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण परत देता येते ती फक्त अंगठी."