फोनवरून आलेलं वाचन

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत मी नऊ वर्षं शिकवलं. दोन खोल्या, आम्ही दोघं शिक्षक आणि अंगणात एक कडुनिंब. दसरा झाला की निम्मी मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमारास रापून, अक्षरं विसरून परत यायची. मग पुन्हा 'अ'पासून सुरुवात. खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती.

शाळेत भिंतीवरचा मोठा टीव्ही आला त्या वर्षी त्यांच्यातलीच एक मुलगी दुसरीत होती. लहानखुरी, बोलकी. टीव्हीवर कविता लागली की एकदा ऐकून तिला पाठ. ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या वडिलांना विचारलं, "हिला इथंच कुणाकडे ठेवता येणार नाही का?"

"न्हाई जमत, बाई. धाकटा आठ महिन्यांचा हाय. आमी दोघं फडात गेल्यावर त्याला कोन बघनार?"

त्यांनी नुकताच टचचा मोबाईल घेतला होता. मी म्हटलं, "मी धडा वाचून पाठवते. तिनं तो पुस्तकात बघून वाचायचा आणि मला परत पाठवायचा."

"पाठवा की. मी लावून देतो रोज."

आणि माणूस शब्दाला जागला. देवळाली प्रवरेच्या बाजूला त्यांची टोळी उतरली होती. तिथून संध्याकाळी तिचं वाचन यायचं. मागे बैलांचे घुंगरू, भाकरी थापल्याचा आवाज, धाकट्याचं रडणं, आणि या सगळ्यावरून तिचा खणखणीत आवाज. मी चहा घेऊन पायरीवर बसायची आणि ऐकायची. वर्गातही ऐकवायची. आमच्या गुरुजींनी तर शिक्षकांच्या सभेत ही गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या. मीही फुगले थोडी.

पाडव्यानंतर ती परतली. मी कौतुकानं पुस्तक पुढं ठेवलं. कोल्ह्याचा धडा तिनं घडाघडा वाचला. मध्येच म्हणाली, "आणि बरं का मुलांनो, कोल्हा घाबरला!"

"बरं का मुलांनो" पुस्तकात नव्हतं. ते माझं होतं, बोलण्यातलं.

मी तिच्या बोटाकडे पाहिलं. कोल्हा पानाच्या वरच्या ओळीत घाबरला होता आणि बोट खाली चित्रावर होतं. मी दुसरंच पान उघडलं. तिनं बोट चित्रावर नेलं.

"वाच ना गं."

"हे तुमी पाठवलं न्हाई, बाई."

मला रडूच आलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. सहा महिने मी आवाज ऐकला, बोट पाहिलंच नाही. समोर बसली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

गुरुजी म्हणाले, "आता सभेत काय सांगायचं?"

"जे झालं ते सांगा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही दोघी कडुनिंबाखाली बसायचो. फोनवर तिचंच वाचन लावायचं आणि एकेका शब्दाला थांबवायचं. तिनं तो शब्द पुस्तकात शोधून त्यावर बोट ठेवायचं. सगळे शब्द ओळखीचे, फक्त त्यांची तोंडं पाहिलेली नव्हती. इतर मुलांना जे शिकवायला मला वर्ष लागायचं, ते तिला महिनाभरात जमू लागलं. मेच्या सुट्टीआधी तिनं न ऐकलेल्या धड्याच्या चार ओळी अडखळत वाचल्या आणि ओरडली, "बाई, हे मला कुनीच सांगितलं न्हाई, तरी कळलं!"

पुढच्या हंगामात मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. पुस्तक आणि बोट, दोन्ही फोनसमोर धरायला लावायची. निम्म्या वेळा रेंज जायची. मग तिचे वडील फोन घेऊन बैलगाडीवर चढायचे.

आता मी निवृत्त झाले आहे. माझा तो फोन पाण्यात पडला, त्याबरोबर तिचं सगळं वाचन गेलं. घुंगरांसकट. फार हळहळ वाटते. ती नगरला वसतिगृहात राहून अकरावी करते आहे. सुट्टीला गावी जाताना वाट वाकडी करून माझ्याकडे येते, स्वयंपाकघरात पाटावर बसते आणि जेवण होईपर्यंत तिची बडबड थांबत नाही.