शेवंताआजी नागपूरला गेली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — ना संघटनेत, ना घरी. खोटं छापणाऱ्यांच्या नावानं मी नेरच्या बाजारात, दारव्ह्याच्या स्टँडवर घसा फोडलाय. आणि माझ्या पत्रकाचं काय?

पत्रक आमच्या वस्तीतल्या शेवंताआजीवर होतं. डावीकडे देशात काय घडलं, उजवीकडे तिच्या आयुष्यात काय. कल्पना माझीच. बहात्तरच्या दुष्काळासमोर ती म्हणाली, "खडी फोडली." आणीबाणीसमोर — "तवा मले दुसरी पोरगी झाली." लिहिलं. आणि छप्पनची धम्मदीक्षा?

"मी नाही गेलती बाबू. सारी वस्ती गेली नागपूरले. म्हैस व्याची होती, बा म्हणे तू ऱ्हाय. दहा वर्साची होती मी. एकटीनं वगार ओढून काढली!" म्हशीचं पिल्लू कसं ओढलं ते हातांनी दाखवत म्हातारी हसत होती.

मला म्हैस नको होती. एवढ्या मोठ्या दिवसासमोर म्हैस? मी लिहिलं — 'वडिलांचं बोट धरून तिनं तो सोहळा डोळ्यांनी पाहिला.' तिला वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं का? होतं.

दारव्ह्याला तिचा सत्कार ठेवला. पत्रक वाचून दाखवलं, तशी ती माईकवरच बोलली, "खोटं हाय हे. मी म्हशीपाशी होती." सभा हसली. कुणीतरी ओरडलं, "आजी, म्हैस कायले आणता मधात?" मी उठलो, माईक घेतला — आणि काय म्हणालो? "वयामुळे आजींना आता आठवत नाही." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच तिच्या खांद्यावर शाल टाकली.

मग घरातही तेच. तिनं काही सांगायला घेतलं की लेक म्हणायची, "राहू दे माय, तुले आठवत नाही."

एकदा तिनं मला अंगणात गाठलं. आवाज अगदी खाली. "बाबू, तू शिकेल हायेस. खरं सांग — गेलती काय मी?"

एका शब्दाचं काम होतं. आम्ही दोघंच होतो. भीती कुणाची होती मला?

"हो आजी. गेलती तू."

"असन मंग," ती म्हणाली. नंतर कुणी विचारलं की बाचं बोट धरून गेल्याचं सांगू लागली.

यंदा ती वारली. शोकसभेसाठी पत्रक पुन्हा छापायचं ठरलं, मजकूर तपासायला माझ्याकडे आला. दोन वेलांट्या चुकल्या होत्या, त्या सुधारल्या. ती ओळ तशीच ठेवली.