बंडीच्या बाजूचं पाल

रात्रभर धुक्याची धुई पडली होती. सांबाराच्या ओल्या काड्यांना हात लावला की बोटं बधिर होत होती. रुख्मिणी बैलबंडीखाली पोतं अंथरून बसली होती. मांडीवर सांबार, म्हणजे पुण्याकडच्यांची कोथिंबीर, आणि बाजूला पाण्यात भिजत घातलेल्या केळीच्या सालीच्या पट्ट्या. मूठभर काड्या घ्यायच्या, मुळांचा चिखल झटकायचा, पट्टीचे दोन वेढे, एक गाठ. जुडी तयार. अमरावतीच्या बाजाराच्या कडेला, जिथं खेड्यांतल्या बंड्या सुटत, तिथं अजून चुली पेटायच्या होत्या. तिचा नवरा सहदेव बैलांपुढं कडबा टाकत होता आणि टाकता टाकता गुणगुणत होता.

हे गुणगुणणं नवं होतं. जर्मन-जपानची लढाई संपली त्या पावसाळ्यानंतरचं. रुख्मिणी खाली मान घालून ते ऐकत होती आणि गाठी मारत होती.

दिवाळी झाली की दोघं घराला कडी घालत आणि शिमग्यापर्यंत बंडीतच राहत. चांदूरचा बाजार, परतवाडा, बहिरमची जत्रा, मधूनच अमरावती. मळ्यातली भाजी संपली की वाटेवरच्या मळ्यांतून घ्यायची आणि पुढं जायचं. बंडीवर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर होतं. आत दोघं निजायची, पण एकानं पाय पोटाशी घेतले तरच. इतक्या वर्षांत ते एक माणूस रुख्मिणीच होती. चूल चाकाशेजारी आणि बैल खुंट्याला. महिन्याचे चार दिवस रुख्मिणीचं बिऱ्हाड बंडीखाली जाई. वेगळा गिलास, वेगळी गोधडी, शिवाशिव नको म्हणून. उघड्यावरच सारं. रांगेतल्या प्रत्येक बाईचे दिवस प्रत्येकीला ठाऊक असत, जसे कोणाचे बैल मारके हे ठाऊक असे.

यंदा दिवाळीनंतर रुख्मिणी बंडीखाली दिसली नाही, ते त्यामुळंच लपलं नाही. शेजारच्या बंडीवर वांगी विकणारी तानुबाई भर बाजारात ओरडली, "काय वं रुखमे, औंदा खाली उतरली नाई तू? का बंडीतच गोड लागून राहिलं?"

रुख्मिणीनं पदर सावरला आणि जुड्या रचत राहिली.

"लाजली, लाजली! या वयात लाजली माय!" तानुबाईनं पदर तोंडाला लावला. संध्याकाळपर्यंत कोणी बोरं आणून दिली, कोणी चिंच. पुढच्या बाजाराला तर लोक सहदेवाला बोलायला लागले होते, "काय गा सहदेव, लपून लपून मळा पिकवला ना!"

रुख्मिणीलाही ते थोडे दिवस खरं वाटलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एक मूल झालं होतं, पण ते रडलंच नव्हतं. त्यानंतर काही नाही. कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. मग चांदूरच्या बाजाराला ती हळूच पार्बताबाई सुईणीकडे गेली. पार्बताबाईनं तिला निजवलं, पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, कायबाय विचारलं.

"लेकरू नाई बाई," ती म्हणाली. "तुयं बंद झालं. बाईचं बंदच होते एक दिवस. तुयं जराक लौकर झालं." मग हात धुतले आणि विचारलं, "मेथी आणली का औंदा?"

रुख्मिणीनं तिला मेथीची एक जुडी दिली आणि बाजारात परत येऊन बसली. रडू आलं नाही. रात्रभर अंगाखाली दबलेला हात सकाळी आपला वाटत नाही, तसं पोटापाशी वाटत होतं. एवढंच. संध्याकाळी सांगू असं तिनं ठरवलं होतं. पण संध्याकाळी सहदेवानं गुळाचा खडा आणला, तिच्या हातावर ठेवला आणि तिच्याकडं न बघता बैल सोडायला गेला. आणि गुणगुणायला लागला. तिनं गूळ खाल्ला.

त्यानंतर त्याच्या डोक्यात कापडी पाल शिरलं.

"बंडीत बायतीण कशी निजन सांग बरं?" तो दर मुक्कामाला म्हणे. "वारा लागन लेकराले. बंडीच्या बाजूले पाल जोडू. एक काठ तट्ट्याले बांधाचा, दुसरा बांबूवर. तीन बाजूंनी कनात. मंग बाज टाकली का झाली खोली."

पलटणींचे जुने तंबू लिलावात निघाले होते आणि राजापेठेत बब्बनमियां नावाचा एक म्हातारा ते फाडून लोकांना पाहिजे तसं शिवून देत होता. म्हणून आज सांबार खपल्यावर सहदेवानं बैल जुंपले आणि बंडी थेट त्याच्या दुकानासमोर नेऊन उभी केली.

बब्बनमियां चष्मा दोऱ्यानं बांधून बाहेर आला. बंडीला एक फेरी मारली. तट्ट्याची उंची हातानं मापली.

"किती लोकं राहणार?" त्यानं विचारलं. "पाहुणे येतात का?"

"एकच पाहुणा येऊन राहिला," सहदेव म्हणाला आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली. "लहान हाये, पन जागा लय घेईन."

म्हातारा हसला. "अच्छा! मग खिडकी ठेवा भाऊ. कोंदट नको व्हायला. इकडून एक झडप, वर गुंडाळता येईन अशी."

"ठेवा ना. खिडकी ठेवाच."

दुकानाच्या ओट्यावर खाकी कापडाचा ढीग पडला होता. रुख्मिणी त्याच्याजवळ बसली आणि तिनं कापड चिमटीत धरून पाहिलं. जाड होतं. तेलाचा आणि लांबच्या कुठल्या तरी पावसाचा वास होता. एका जागी फाटलं होतं आणि कोणीतरी काळ्या दोऱ्यानं वेडेवाकडे टाके घातले होते. बाईचा हात नव्हता तो. तिनं टाके अंगठ्यानं चाचपले. मजबूत होते.

बब्बनमियांनं कापड पसरलं, खडूनं रेघ मारली आणि कात्री उचलली. "पाहून घ्या एकदा. कैंची चालली का कपडा तुमचा. मग वापस घेत नाई मी."

"चालवा," सहदेव म्हणाला.

"थांबा मियां," रुख्मिणी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं पाहिलं. ती सहदेवाला म्हणाली, "लेकरू नाई."

"काय?"

"पोटात लेकरू नाई. पार्बताबाईनं पायलं. बंद झालं म्हने. आता होनार बी नाई." आवाज असा, की जणू सांबार किती उरला ते सांगतेय.

बब्बनमियांनं कात्री खाली ठेवली आणि दोऱ्याचं रीळ शोधायला लागला. रीळ त्याच्या गुडघ्यापाशीच होतं.

"कवा पायलं?" सहदेवानं विचारलं.

"चांदूरच्या बाजाराले."

"मी गूळ आणला त्या दिवशी?"

"हो."

"तवा ठाऊक होतं तुले?"

"हो."

एका बैलानं दुकानासमोर शेण टाकलं. एरवी म्हाताऱ्यानं आरडाओरडा केला असता. तो रिळाचा दोरा उलगडत बसला.

"सांगतलं काहून नाई मंग?"

रुख्मिणीनं थोडा विचार केला. "तुमी गुणगुणून राहिले होते," ती म्हणाली.

सहदेव गेला आणि बंडीच्या दांडीवर बसला, त्यांच्याकडं पाठ करून. रस्त्यानं लोक जात होते. एक तांगा बंडीला वळसा घालून गेला, तांगेवाल्यानं शिवी दिली, सहदेव हलला नाही. रुख्मिणीचा अंगठा अजून त्या काळ्या टाक्यांवरच होता.

"भाऊ," शेवटी बब्बनमियां हलक्यानं म्हणाला, "कापू का ठेवू? अजून काई बिघडलं नाई."

सहदेवानं मागं न वळता सांगितलं, "कापा."

"कायले?" रुख्मिणीनं विचारलं.

"माघापासून ऊन लागते. सांबार सुकते दुपारून." त्यानं दांडीवरचा चिखल नखानं खरवडला. "खिडकी नको पण."

कात्री चालली. जाड कापड कापल्याचा करकर आवाज येत राहिला.

पुढच्या मुक्कामाला, चांदूरच्या बाजारात, सहदेवानं पाल लावलं. गाठी ढिल्या मारल्या. रुख्मिणीनं मागून जाऊन त्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. त्यानं पाहिलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. रात्री त्यानं आपली घोंगडी पालात नेऊन टाकली. रुख्मिणी बंडीत एकटी निजली. पाय लांब करायला सारी जागा होती, पण पहाटे जाग आली तेव्हा पाय पोटाशीच होते.

उजाडलं तशी तानुबाई वांग्यांची टोपली कमरेला लावून आली. "अवं माय! खोली बी आली का बायतिणीची! माया कारभाऱ्याले दाखोते, सहा लेकरं झाले त एक फटकूर नाई बांधलं मेल्यानं!"

"सांबाराची हाये खोली," रुख्मिणी म्हणाली.

"आं?"

"दिवस नव्हते तानुबाई. बंद झालं मायं."

तानुबाईचं तोंड उघडं राहिलं. तिनं बैलांपाशी उभ्या असलेल्या सहदेवाकडं पाहिलं, मग पालाकडं. मग टोपली खाली ठेवली, पालाच्या आत येऊन बसली आणि सांबाराचा एक मुठा पुढं ओढला. "तुया गाठी लय बारीक असतात," ती म्हणाली. "मले नाई जमत. चालन?"

"चालन."

धुई उतरत होती. पालाचं कापड ओलं होऊन मध्ये थोडं लोंबलं होतं. सहदेवानं बांबू उचलून पाणी एका बाजूनं सांडून दिलं.

"पट्ट्या भिजवल्या का?" त्यानं बाहेरूनच विचारलं.

"भिजवून राहिली," रुख्मिणी म्हणाली आणि केळीच्या साली पाण्यात दाबून धरल्या.